आडी महिन्यात कुणाचं लग्न

आमच्या गल्लीत दान करायची हौस सगळ्यांना आहे आणि अक्कल दोघातिघांना. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणाला वाईट वाटायला नको. मी तिसरीपर्यंत शिकले, तेही तमिळ शाळेत, आणि त्यातलं एक वर्ष बाईंच्या घरचं पाणी भरण्यात गेलं. म्हणून मी सांगते आणि मास्तरांची सून लिहून घेते. मध्येच काही गोड शब्द दिसले तर ते तिचे.

कपाट मास्तरांचं. ते माझ्या समोर राहतात. आमच्यातलेच, म्हणजे तंजावरच्या राजांच्या मागून कधीतरी इकडं आलेल्या आणि परत जायचं विसरलेल्या मराठी लोकांतले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. शाळेनं टाकून दिलेलं काचेच्या दारांचं एक कपाट त्यांनी निवृत्त होताना घरी आणलं, त्यात पुस्तकं ठेवली, ती पुस्तकं वाळवीनं वाचली. मग तो रोग आला आणि सगळं बंद झालं. लग्नं बंद, देवळं बंद, आणि कुंभकोणात देऊळ बंद म्हणजे फूलवाला, कापूरवाला, रिक्षावाला, चपला सांभाळणारा, सगळ्यांच्या चुली बंद. तेव्हा मास्तरांनी कपाट धुऊनपुसून ओट्यावर आणून ठेवलं आणि वर बोर्ड लावला, ज्याला जमेल त्यानं ठेवावं, ज्याला लागेल त्यानं न्यावं. रोग गेला. कपाट राहिलं.

"अक्का, सामानाकडं तुम्ही बघा," मास्तर मला म्हणाले. "तुमची उमर त्यातच गेली."

गेली खरी. चाळीस वर्षं लग्नाच्या स्वयंपाकात काढली, आधी भांडी घासायला, मग भाजी चिरायला, मग चुलीपाशी.

गल्लीनं फडताळं मोकळी केली. आमच्याकडं उन्हाळ्याच्या तोंडावर नवी चिंच येते, त्या आठवड्यात चौदा घरांतून जुनी चिंच आली, काळी, गुळासारखी चिकट झालेली. कुणी अमेरिकेतल्या मुलानं पाठवलेली बिनसाखरेची बिस्किटं ठेवली, त्यांना मुंगीसुद्धा लागली नाही. कुणी काल उरलेलं रसम दुधाच्या रिकाम्या पिशवीत गाठ मारून ठेवलं. एकानं च्यवनप्राशाचा अर्धा डबा ठेवला, चमच्यासकट. चांगलंही येत होतं, नाही कशाला म्हणू. तेलाच्या घाण्याचा मालक दर शनिवारी तिळाच्या तेलाच्या बाटल्या न बोलता ठेवून जायचा. इस्त्रीवाला रोज संध्याकाळी मापटंभर काहीतरी आणायचा, आणि तो स्वतः एका खोलीत सहा माणसं घेऊन राहतो.

ठेवणारे ढीग होते. नेणारं कुणी नव्हतं. गल्लीत दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांवर म्हातारी माणसं, आणि म्हाताऱ्यांना बघण्याशिवाय काम नाही. तिथं काचेचं दार उघडून डाळ कोण काढणार? महिनाभरात फक्त कॉफीची पूड गेली. मास्तरांना आनंद झाला. मग कळलं, ती शेजारच्या मामींच्या यजमानांनी नेली होती. डॉक्टरांनी त्यांची कॉफी बंद केली होती.

लोक का येत नाहीत ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगायचं तर माझं सांगावं लागलं असतं, म्हणून मी गप्प होते. पण तांदळाला पोरकिडे व्हायला लागले तेव्हा सांगितलं.

माझा नवरा गेला तेव्हा मी सत्तावीसची. पोरं तीन. त्यातलं एक त्याच पावसाळ्यात तापानं गेलं, दोन राहिली. लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासायचं काम मिळालं. काम सुटलं की मागच्या फाटकावर ठेकेदार उभा असायचा, बायकांचे डबे उघडायला लावायचा, पदर झटकायला लावायचा. आत हजार माणसं जेवून उठलेली, पानांवर लाडू अर्धे टाकलेले, आणि आमच्या पदरात एक वडा सापडला की त्या दिवसाची मजुरी गेली. एकदा घरी काहीच नव्हतं. मी नळावर तोंड धुतलं, लुगडं नीट केलं, आणि मागच्या फाटकानं न जाता पुढं गेले, पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिले. नवरीच्या आईनं स्वतःच्या हातानं मला तांबूलाची पिशवी दिली. नारळ, विडा, दोन लाडू, एक चकली. वर हात जोडून म्हणाली, आलात, फार बरं वाटलं. मी पुढच्या दारानं बाहेर पडले. तिथं तोच ठेकेदार उभा होता, त्यानंही हात जोडले. माझ्या तोंडाकडं त्यानं बघितलंच नाही. पिशवी बघितली.

मग पुढं कितीतरी वर्षं मी त्या हॉलमधून जे नेलं ते पुढच्या दारानं, तांबूलाच्या पिशवीतून. तांदूळ, डाळ, एकदा कोहळ्याचा मोठा तुकडा. चोरीच होती. मी तिला दुसरं नाव देत नाही. पोरं जगली.

हे मी मास्तरांच्या ओट्यावर सांगितलं तेव्हा मास्तर चष्मा पुसायला लागले. मामी तमिळ आहेत, तीन मजल्यांचं घर, तिन्ही मजल्यांवर थंड हवेचं यंत्र, पण डोकं जाग्यावर. त्या एवढंच म्हणाल्या, "अक्का, पिशव्या किती पाहिजेत?"

आमच्या गावात पैसा नसलेलं घर सापडेल, तांबूलाच्या पिशव्या नसलेलं सापडणार नाही. प्रत्येक लग्नाला एक मिळते, वर नवरानवरीचं नाव छापलेलं, आणि ती टाकवत नाही, कारण वर गणपती असतो. मामींच्या पलंगाखाली तीस वर्षांची लग्नं घडी करून ठेवलेली होती. काढून ओट्यावर पसरली. मामी एकेक उचलून सांगायच्या, हे चेन्नईला आहेत, ह्यांना जुळी झाली, ह्यांचं मोडलं. मोडलेल्या लग्नाची पिशवी सगळ्यांत जाड कापडाची होती.

तेव्हापासून सामान मामींच्या मागच्या खोलीत भरायचं ठरलं. खाली तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेलाची बाटली. वर नारळ आणि चार विड्याची पानं, नारळ नसेल तर लग्नाची पिशवी कोण म्हणेल. इस्त्रीवाला अंडी आणायचा. मामींच्या घरात अंडं कधी शिरलेलं नव्हतं. त्या भिंतीकडं तोंड करून विचारायच्या, "पांढरे बटाटे भरले का?" असं म्हटलं की त्यांना पाप लागत नसे. दर शुक्रवारी मी कानात सांगून ठेवलेल्या बायका मामींच्या दारानं आत जायच्या, कुंकू लावून घ्यायच्या आणि लग्नाहून परतल्यासारख्या हातात पिशवी घेऊन ताठ मानेनं गल्लीतून निघायच्या. ओट्यावरचे म्हातारे विचारायचे, "काय, जेवण कसं होतं?" त्याही म्हणायच्या, "पायसम पातळ होतं."

ह्या बायकांत एक विणकराची बायको होती. मागच्या बोळात राहायची. नवरा तिरुभुवनमला रेशमी साड्या विणायचा, नंतर खोकायला लागला, मग मागावर बसवेना. सरकारी दवाखान्यात क्षय निघाला. गोळ्या तिथं फुकट मिळतात, सहा महिने रोज घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही. रेशनचा तांदूळही फुकट मिळतो, आमच्याकडं त्याची ददात नाही. पण त्या गोळ्या नुसत्या भातावर पोटात राहत नाहीत, तो ओकून टाकायचा. नर्सबाईंनी सांगितलं, डाळ पाहिजे, शेंगदाणे, अंडी, नाहीतर हा गोळ्या सोडणार, आणि सोडल्या तर पुढच्या वेळी साध्या गोळ्यांनी भागणार नाही. दोन मुली होत्या, त्या शाळेत जेवायच्या. बायको दुसऱ्यांचं रेशीम गुंडाळून द्यायची. आजार बोळात कुणाला कळू दिला नव्हता. मला कळला, कारण मी तिच्या पिशवीत गूळ जास्त घालत होते तेव्हा ती म्हणाली, "पाटी, गूळ नको. त्या जागी डाळ घाला." पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी. गूळ नको म्हणणारी बाई मी पहिल्यांदा बघितली, म्हणून खोदून विचारलं.

तीन महिने सगळं नीट चाललं. तो गोळ्या घेत होता. मग आडी लागला.

आडी म्हणजे आषाढाच्या आसपासचा तमिळ महिना. ह्या महिन्यात इकडं लग्न होत नाही. कुणाचंच नाही. हॉलांना कुलपं, वाजंत्रीवाले झोपलेले. आणि ही गल्ली अशी आहे, की पंचांग बघितल्याशिवाय नखं कापत नाही. मास्तर बघतात, मामी बघतात, मी कामामुळं बघत आले. पण त्या शुक्रवारी आम्ही तिघांनी मिळून नऊ पिशव्या भरल्या, वर नारळ ठेवले, विडे ठेवले, आणि नऊ बायकांना लग्नाच्या पिशव्या देऊन आडी महिन्यात रस्त्यावर पाठवलं.

कोपऱ्यावर फुलं विकणारी बसते. तिचं तोंड हे आमच्या गल्लीचं दुसरं वर्तमानपत्र. तिनं एकीला बघितलं, दुसरीला बघितलं, तिसरी विणकराची बायको होती.

"काय गं, आडीत कुणाचं लग्न? पोरगी पळाली काय कुणाची?"

ओटे हसले. म्हातारे तर खोकेपर्यंत हसले. फूलवालीच्या मनात वाईट नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं कोण पळालं. पण मग एकानं पिशवीवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "हे लग्न तर मी जेवलोय. आठ वर्षं झाली."

बाकीच्या आठजणी भराभरा गेल्या. विणकराची बायको परत आली. पिशवी मामींच्या पायरीवर ठेवली, नारळ घरंगळायला लागला तो पायानं न अडवता हातानं अडवला, नीट ठेवला, आणि गेली.

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच पिशवी घेऊन गेले, साधी, बाजारातली. तिनं मला पाट दिला. बिनदुधाची कॉफी दिली. नवरा पडद्यामागं होता, श्वासाचा आवाज येत होता. कोनाड्यात गोळ्यांची पाकिटं होती, त्यातलं वरचं अर्धवट फोडलेलं.

"घेतो का?" मी विचारलं.

"चार दिवस झाले, तोंडात धरत नाही. ओकायला येतं म्हणतो."

"मग हे घे. डाळ आहे."

"पाटी, तुम्ही मोठ्या. रागावू नका. मुलींना शाळेत चिडवतात, तुमच्या आईला रोज लग्न असतं म्हणून. मी आता घेणार नाही."

"त्याच्या गोळ्या?"

"बघते मी."

काय बघणार होती? मी तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, "काम असलं तर सांगा, येईन. कार्य असलं तर बोलवा, येईन. उगीच नको." आणि मी निघाले तेव्हा रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तिनं मला दोन केळी दिली. मी डाळ द्यायला गेले आणि डाळ आणि केळी दोन्ही घेऊन परत आले.

मास्तरांच्या ओट्यावर बसलो. मास्तर म्हणाले, तिला समजावून सांगू, स्वाभिमान आणि आरोग्य. मी म्हटलं, तुम्ही समजावा, मी तोवर तिच्या नवऱ्यासाठी बांबू आणून ठेवते. मास्तरांना राग आला. यावाच म्हणून बोलले होते.

मामी म्हणाल्या, "ती म्हणाली ना, कार्य असलं तर येईन? मग कार्य करू."

"आडीत?"

लग्न नाही, मुंज नाही, घरभरणी नाही. मामी बोटांवर मोजत राहिल्या. मग थांबल्या. "ऐंशीचं कार्य. ते जन्माच्या महिन्यात करतात. महिना कुठलाही असो."

सहस्रचंद्रदर्शन. माणसानं हजार पौर्णिमा बघितल्या की करतात. मामींचे यजमान आतून म्हणाले, माझं परत करा. त्यांचं दोन वर्षांपूर्वी झालं होतं आणि तेव्हाच्या जिलब्या ते अजून विसरले नव्हते. मास्तर चौऱ्याहत्तरचे. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"नाही," मी म्हटलं.

"अक्का, तुमचा जन्म कधीचा?"

आई सांगायची, आडीच्या अठराव्याला झालीस. त्या दिवशी नदीला नवं पाणी आलेलं असतं, सगळं गाव काठावर भात घेऊन जातं, आणि आई म्हणायची, तुझ्यामुळं माझा दहीभात चुकला. दिवस पक्का. वर्ष कुणाला ठाऊक नाही. आधार कार्डावर वर्षाचा पहिला दिवस घातलाय, लिहिणाऱ्याला जेवायला जायची घाई होती.

"अठरावा म्हणजे बुधवारी," मामी म्हणाल्या. झालं. मला कुणी विचारलंच नाही.

भटजींना बोलावलं. त्यांनी कागदावर आकडे मांडले. "अठ्ठ्याहत्तर धरले तर हजार होत नाहीत. एक्क्याऐंशी धरले तर होऊन गेले."

"मधलं धरा," मास्तर म्हणाले.

"आणि खरं विचाराल तर," मी म्हटलं, "पौर्णिमेला मी चुलीपाशीच असायची. तीनशे चंद्र बघितले असतील जेमतेम. त्यातही ढग."

"ढगातले धरतात," भटजी म्हणाले. मग जरा चाचरले. मी विधवा. अभिषेक कसा करायचा, आणि तांबूल, म्हणजे, तुमच्या हातून सुवासिनींना... असं काहीतरी म्हणायला लागले.

मी म्हटलं, "तुमच्या मुलाच्या लग्नात सांबार कुणी केलं होतं?"

"तुम्हीच."

"चाललं होतं?"

"उत्तम झालं होतं."

"त्याच हातानं मी सुपारी देणार. होम नको, अभिषेक नको, मला भिजायचं नाही. तुम्ही या, दोन मंत्र म्हणा, जेवा."

ते जेवणाच्या शब्दावर तयार झाले. माणूस वाईट नाही.

पण नुसतं कार्य करून भागत नव्हतं. गरिबांना डाळीची पिशवी आणि श्रीमंतांना नारळाची, असं केलं तर पुन्हा तेच. म्हणून सगळ्यांना एकच पिशवी असं ठरलं. मामींच्या दिवाणखान्यात बसणाऱ्या जावा-नणंदांनाही किलोभर डाळ, शेंगदाणे, तेलाची बाटली, आणि ती त्यांनी सगळ्यांसमोर उचलून न्यायची. आता आमच्या गल्लीनं जे केलं ते मी बघितलं नसतं तर खरं मानलं नसतं. प्रत्येक घरानं आपल्यासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दोन असं सामान आणून टाकलं. जुनी चिंच कुणीच आणली नाही. घाणेवाल्यानं डबा उघडला. विड्याच्या पानांची अख्खी टोपली आली, कुणी पाठवली ते अजून कळलेलं नाही. मास्तरांच्या भजनी मंडळानं गायला यायचं कबूल केलं, ते लोक गातात कमी आणि जेवतात पुष्कळ, पण त्यांनीही प्रत्येकी शेर शेंगदाणे आणले. इस्त्रीवाल्याच्या मेव्हण्याचा छापखाना आहे, त्यानं नव्या पिशव्या छापून दिल्या. त्यावर माझा फोटो. आधार कार्डावरचा. त्यात मी अशी दिसते, की नुकतंच कुणीतरी मला कोंबडी चोरताना पकडलंय.

मी विणकराच्या बायकोला सांगायला गेले. "बुधवारी माझं ऐंशीचं कार्य आहे. भाजी चिरायला माणूस कमी पडतंय."

तिनं गुंडाळायचं रेशीम बाजूला ठेवलं. "किती वाजता येऊ?"

ती पहाटे पाचला आली, स्वतःची विळी घेऊन. मला त्या दिवशी कुणी चुलीजवळ जाऊ देणार नव्हतं, पण मी उठून तिच्याशेजारी भोपळा सोलायला बसले. बसल्या बसल्या तिचा हात बघत होते. रेशीम गुंडाळणाऱ्या बाईचा हात, भोपळ्याच्या फोडी एकसारख्या पडत होत्या, पण मध्येमध्ये थांबायची, डोळे मिटायची, परत चिरायला लागायची. मी म्हटलं, "तू काय खाल्लंस?"

"उपास आहे."

"कुठल्या देवाचा?"

मी इडलीचं ताट तिच्यापुढं सरकवलं. खाल्ल्या तिनं. चार. मग विचारलं, "पाटी, खरंच हजार चंद्र बघितले तुम्ही?"

"नाही."

"वाटलंच मला." फोडी चिरत राहिली. "फोटो कुणी काढला हा?"

"सरकारनं."

ती हसली. त्या बाईला मी तीन महिने ओळखत होते, हसताना पहिल्यांदा बघितली. तिचा एक दात तुटका आहे.

बाकीचं काय सांगू. मला लाकडी खुर्चीवर बसवलं, हार घातला, हाराला मुंग्या होत्या. भटजींनी दोन म्हणेन म्हटलेले मंत्र वीस म्हटले. भजनवाल्यांनी एक अभंग पुरा गायला आणि पंगतीत जाऊन बसले. ज्यांनी आयुष्यभर मला मागच्या दारानं आत घेतलं, ती माणसं रांगेनं माझ्या पाया पडत होती आणि मी बसल्या बसल्या सुपारी देत होते. खोटं बोलत नाही, पहिली दहा माणसं बरं वाटलं. मग कंबर दुखायला लागली.

विणकराची बायको आली. वाकली. मी पिशवी दिली. तिच्यामागं मामींची जाऊ होती, कानात हिरे, तिनंही तीच पिशवी घेतली आणि जड आहे म्हणून कुरकुरली. दोघी एकामागून एक दारातून बाहेर पडल्या, दोघींच्या हातात माझं चोरट्या तोंडाचं चित्र. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी दोघींना एकच प्रश्न विचारला. जावेनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. विणकराची बायको म्हणाली, "भोपळ्याची भाजी छान होती."

संध्याकाळी मामींच्या मागच्या खोलीत एकोणीस पिशव्या परत येऊन पडल्या. ज्यांना नको होत्या त्यांनी अंधार पडायच्या आत मागच्या दारानं आणून ठेवल्या, गुपचूप, चोरासारख्या.

एका पिशवीत आठ दिवस जातात. आडी संपायला अजून दोन आठवडे होते. तेव्हा विणकराची बायको स्वतःच आली, शुक्रवारी, मुलींना घेऊन. ओट्यावरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "पाटी, त्या दिवशी मुलींना शाळा होती. आज नमस्काराला आणलं." मुली वाकल्या. मी मामींकडं बघितलं, मामींनी पिशवी आणली. कार्याला यायला न जमलेली माणसं मागून नमस्काराला येतात, ही रीतच आहे, कुणाला काय बोलता येणार? तासाभरानं बाकीच्या आठजणीही आल्या. त्यांचीही पोरं त्या दिवशी शाळेत होती म्हणे. पुढच्या शुक्रवारी एकीनं सासू आणली. मी दोन शुक्रवार ओट्यावर बसून आशीर्वाद दिले. फूलवालीनंही एक पिशवी नेली, मी दिली.

नर्सबाई विणकराच्या घरी येऊन गेल्या. चुकलेले दिवस पुढं वाढवून दिले, रागावल्या भरपूर, पण परत पहिल्यापासून सुरू करावं लागलं नाही. तो डाळीवर गोळ्या घ्यायला लागला.

आडी संपला, लग्नं लागली, जुन्या पिशव्या बाहेर निघाल्या. एका शुक्रवारी सकाळी मी मामींच्या ओट्यावर शेंगा फोडत होते, तर बोळातून एक माणूस भिंतीला हात लावत लावत आला. मी त्याला पडद्यामागून ऐकला होता, बघितला नव्हता. लांब, वाळलेला, सदरा खांद्यावरून लोंबत होता. ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला, आधी श्वास घेतला, मग बोलला.

"तुम्हीच ना डाळ भरता?"

"हो."

"गेल्या आठवड्याची शिजत नाही."

मी शेंगा बाजूला ठेवल्या. चाळीस वर्षांत माझ्या डाळीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. "भिजवायला सांग तिला."

"भिजवली. दोन तास. सोडा घातला. तरी दातांत कचकच. आणि शेंगदाणे खवट आहेत, मागच्या वेळचे. बायको म्हणते बोलू नका, मोठ्या आहेत. पण खाणारा मी आहे."

"अजून काही?"

त्यानं विचार केला. "अंडं एक फुटकं होतं."

मामी आतून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, बटाटा कसा फुटेल. मी उठले, मागच्या खोलीत गेले, त्या पोत्यातली मूठभर डाळ आणून उजेडात तळहातावर पसरली. दाणे बारीक, कडा पिवळ्याच्या लाल झालेल्या, दोन वर्षांची तरी असेल. त्याचं बरोबर होतं. मी त्याला तसं सांगितलं आणि इथून पुढं डाळ तूच पारख म्हणून ते पोतं त्यालाच पुढं ओढायला लावलं.